झाकणाचे दोन नियम

टेकचंदच्या संगणकाच्या दुकानात मी सर्वांत आधी खोकी बाजूला सारली.

"ऐसा पहला आदमी देखा," टेकचंद वृंदाला म्हणाला, "जो डब्बे को हाथ नहीं लगाता. अरे साईं, डब्बे पे कितना बढिया फोटो है, वो तो देखो!"

मी एक ग्राफिक्स कार्ड उजेडाकडे धरून त्याच्या चिपवरची बारीक अक्षरे वाचत होतो. अठ्ठ्याण्णव सालचा भाद्रपद संपत आला होता. सिंधी व्यापाऱ्यांच्या कॅम्प तीनमधल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना जीन्स शिवणारे कारखाने होते आणि निळ्या धाग्यांची धूळ हवेत तरंगत टेकचंदच्या काउंटरवर येऊन बसत होती. तो ती अधूनमधून फुंकर मारून उडवी आणि पुढचे खोके उघडी.

त्या काळी एकाच नावाच्या खोक्यात निरनिराळ्या चिपांची कार्डे निघत. विंडोज वापरणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नसे. सोबतच्या फ्लॉपीवर त्याचे काम भागे. लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या, हौशी लोकांनी घडवलेल्या प्रणालीसाठी मात्र कोणी फ्लॉपी देत नसे. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात एखाद्या अनोळखी माणसाने हौसेखातर ज्या चिपची भाषा शिकून घेतली असेल, तेवढीच चिप लिनक्सला ओळखू येई. मला ही रीत मनापासून आवडत असे. चारचौघांत तोंड उघडले की माझे वाक्य अर्ध्यावर बुडे. पण वस्तूंशी बोलायला आवाज लागत नाही, आणि त्या अनोळखी माणसांशी मैत्री करायलाही लागत नव्हता.

"हे," मी म्हणालो. "हेच हवं, कारण याची चिप..."

"कारण?" वृंदा म्हणाली.

"...बरी आहे."

"दिना, एक दिवस तू एक वाक्य शेवटपर्यंत नेशील आणि मी गावभर पेढे वाटीन."

वृंदा आणि मी कॉलेजात एका वर्गात होतो. आता ती अंबरनाथला, आपल्या घराच्या पुढच्या खोलीत, मुलांसाठी संगणकाचा वर्ग सुरू करणार होती. तिचे वडील अण्णा एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या कंपनीने मोडीत काढलेले पाच जुने संगणक त्यांनी टेम्पोत घालून घरी आणले होते. ते पाचही इतके थकलेले होते की विंडोज सुरू होईपर्यंत माणसाचा चहा पिऊन होई. तेव्हा मी, कधी नव्हे तो, एक विचार मांडला होता: एक नवे, दमदार यंत्र घ्यायचे, त्यावर लिनक्स चढवायचे आणि पाचही जुनी यंत्रे एका काळ्या केबलने त्याला जोडायची. जुन्यांनी केवळ पडदा आणि कळफलक व्हायचे. विचार सगळा नव्याने करायचा. लिनक्सची सीडी एका मासिकासोबत आली होती आणि बदलापूर गावातल्या आमच्या घरी मी ती वर्षभर उशाशी ठेवून होतो.

"पाच म्हातारे आणि एक तरणा," अण्णा म्हणाले होते. "सगळं ओझं तरण्याच्या डोक्यावर. तोच बसला तर?"

"दिना म्हणतो नाही बसणार," वृंदा म्हणाली.

"दिनानाथ कुठं काय म्हणतोय? तूच म्हणतेयस." अण्णांनी माझ्याकडे पाहिले. "हे बघ, दिवाळीनंतरच्या सोमवारी वर्ग सुरू. मुलांच्या आयांना शब्द दिलाय की प्रत्येकाला बसायला स्वतंत्र मशिन मिळेल. आदल्या रविवारपर्यंत तुझं लिनक्स चाललं, तर चाललं. नाहीतर नव्यावर दुकानदार टाकून देतो ते विंडोजच चालवायचं आणि पोरांना आळीपाळीनं बसवायचं. मग पोरं आठवड्यात गळतात, ते मला कळतं. पण निदान लोकांना तोंड दाखवता येईल. आहे कबूल?"

मी मान हलवली. माझ्या आयुष्यात कोणी माझ्यावर काही सोपवल्याची ती पहिली वेळ होती. ज्याच्यावर काही सोपवलेले नाही त्याला काही गमावण्याचे भय नसते. मला ते त्या क्षणापासून लागले.

खंडेनवमीच्या सकाळी नवे यंत्र अंबरनाथच्या त्या खोलीत टेबलावर उघडेच होते, कारण त्यात नेटवर्क कार्ड मीच बसवत होतो. अण्णा पांढरा सदरा घालून, हातात तबक घेऊन आले. मागोमाग वृंदाची आई, माई, झेंडूची माळ घेऊन आल्या. मी घाईने झाकण लावू लागलो.

"राहू दे, राहू दे," अण्णा म्हणाले. "पत्र्याला कसला नमस्कार करायचा? काम करतो तो आत. आमच्या शॉपमध्ये खंडेनवमीला आधी लेथचा गार्ड काढायचा, मग आतल्या फिरत्या चकला हळदीकुंकू. झाकणाचे दोन नियम असतात, दिनानाथ. पूजा करायची ती झाकण उघडून. आणि मशिन चालवायचं ते झाकण लावून. चालू मशिनचं झाकण कधी उघडायचं नाही."

त्यांनी डावा हात वर केला. करंगळीचे शेवटचे पेर नव्हते.

"हा दुसरा नियम मी असा शिकलो."

त्यांनी मोठ्या प्रेमाने हळदीकुंकू वाहिले, ते माझ्या विनंतीवरून पत्र्याच्या कडेला. पण अक्षता मात्र, कारखान्यातल्या सवयीने, मूठभर आणि मनापासून टाकल्या. कुंकवाने लाल झालेले ते तांदूळ हिरव्या बोर्डावर विखुरले तेव्हा, खोटे कशाला सांगू, ते दृश्य मला फार सुंदर वाटले. नंतर मी मऊ ब्रशने एकेक दाणा टिपला आणि झाकणाचे स्क्रू आवळले.

दुसऱ्या दिवसापासून दुर्दैव सुरू झाले.

लिनक्सचे काळीज म्हणजे कर्नल. शिंप्याने अंगाचे माप घेऊन सदरा शिवावा तसा तो ज्या त्या यंत्राच्या अंगाबरहुकूम तिथेच बांधून घ्यावा लागे. त्यावाचून आमची जुनी नेटवर्क कार्डे त्याला ओळखू येणार नव्हती. मी आज्ञा देई, पडद्यावर अक्षरांच्या ओळी सरसर वर जाऊ लागत, आणि मध्येच सगळे थांबे. खाली एवढेच उमटे: सिग्नल अकरा. पुन्हा आज्ञा द्यावी. पुन्हा सिग्नल अकरा.

जाणकारांनी लिहून ठेवले होते की हा सिग्नल बहुधा सदोष मेमरीचा असतो. मी मेमरीची पट्टी काढून शेअर रिक्षाने कॅम्प तीन गाठला.

"विंडोज पे चलता है?" टेकचंदने विचारले.

"चालतं. पण लिनक्स काम करताना..."

"तो मेमरी अच्छी है, तुम्हारा लिनक्स बीमार है!" तरीही त्याने दुसरी पट्टी काढून दिली. "ले जाओ साईं. तुम्हारा चेहरा देख के मेरा धंदा खराब होता है."

मी मेन स्विच बंद करून नवी पट्टी बसवली, झाकण लावले, आज्ञा दिली. ओळी धावल्या, थांबल्या. सिग्नल अकरा.

दिवाळी आली. गल्लीत आकाशकंदील लागले, माईंच्या चकल्यांचा वास पुढच्या खोलीपर्यंत येऊ लागला आणि मी त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. अण्णा येत, जात. "काय, शरणागती?" असे विचारत. एकदा माझ्यासमोर करंजी ठेवून म्हणाले, "खा. मशिन बसलं तरी माणसानं बसू नये." त्यांच्या चेष्टेत माया होती, म्हणूनच ती जास्त लागे. परतताना बदलापूरच्या रस्त्यावर मला वाटे, सोमवारनंतर या घरी येण्याला माझ्यापाशी काही कारणच उरणार नाही.

रविवार उजाडला. आदल्या संध्याकाळपासून बंद असलेले यंत्र मी सुरू केले आणि ओळी पुष्कळ वेळ धावल्या, नेहमीपेक्षा कितीतरी पुढे गेल्या. मग थांबल्या. लगेच पुन्हा आज्ञा दिली. या वेळी त्या सुरुवातीलाच थांबल्या. जेवायच्या वेळी यंत्र बंद ठेवले, नंतर ओळी पुन्हा पुढे गेल्या. मी खुर्चीत ताठ झालो.

"वृंदा," मी म्हणालो, "चूक जर लिनक्समध्ये असती तर ते रोज त्याच ठिकाणी अडखळलं असतं. हे ताजं असताना पुढे जातं, आणि..."

"आणि?"

"दमतं."

ती माझ्याशेजारी येऊन बसली. "म्हणजे तापतंय. विंडोजवर आपण नुसतं चित्र काढून बघतो, ते काय दमणार! पण पंखा आहे ना आत?"

"दोन आहेत. मागच्याचा आवाज येतो. प्रोसेसरवरचा लहान पंखा मी मेमरी बदलताना पाहिला होता, तो स्थिर होता. पण सगळं बंदच होतं तेव्हा. बंद यंत्रातली थांबलेली वस्तू काहीच सांगत नाही."

"मग चालू असताना उघड."

आम्ही दोघांनीही एकाच वेळी दाराकडे पाहिले. दारात अण्णा वर्तमानपत्र घेऊन उभे होते.

"तू सांग," मी कुजबुजलो.

"मी नाही. तरणा बसणार नाही असं तू म्हणाला होतास."

मी उभा राहिलो. "अण्णा, मला हे यंत्र चालू असताना झाकण काढून आत पाहायचं आहे, कारण दोष चालतानाच दिसणार आहे, आणि न पाहता मी हार मानली तर मला ते आयुष्यभर सलेल."

वृंदाने तोंडावर हात ठेवला. पेढ्यांची आठवण तिला झाली असावी.

"नाही," अण्णा म्हणाले. त्यांचा अंगठा नकळत त्या आखूड करंगळीवरून फिरला. मग त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते यंत्राजवळ आले. "नियम तो नियम. पण आमच्याकडेही, लेथ बिघडला की शेवटी चालू करून बघावाच लागे. तेव्हा सगळ्यांनी हात पाठीमागे बांधायचे. एकानंही सोडायचा नाही. माई, तूपण ये!"

"माझे हात पिठाचे आहेत हो."

"मग पिठाचेच बांध!"

आणि म्हणून, अंबरनाथच्या त्या खोलीत, झाकण काढून यंत्र सुरू केल्यावर आम्ही चौघे हात पाठीमागे बांधून त्याच्याभोवती वाकून उभे राहिलो, जणू एखादे तान्हे मूल झोपेत काय पुटपुटते ते ऐकत होतो. मागचा मोठा पंखा घुमत होता. प्रोसेसरवरचा लहान काळा पंखा मात्र किंचित थरथरत होता, पुढे सरायला बघत होता, आणि जागच्या जागीच होता.

"अडकलाय!" अण्णा ओरडले. "बंद कर! मेन स्विच!"

वृंदाने स्विच बंद केला आणि केसांतली पिन काढून मला दिली. मी पात्याखालून हळूच ती फिरवली. एक दाणा उडून बोर्डावर पडला. बारीक, टोकदार, कुंकवाने लाल.

तो कोणाचा हे मला त्याच क्षणी कळले. मी तो मुठीत लपवणार होतो, पण वृंदाने आधीच तळहातावर घेतला आणि वडिलांसमोर धरला.

"अण्णा, तुमचा आशीर्वाद. इतके दिवस त्यानं आम्हाला धरून ठेवलं होतं."

अण्णांनी चष्मा पुसला, दाणा पाहिला, पुन्हा चष्मा पुसला. चेहरा आधी पडला; मग खांदे हलू लागले, आणि ते असे हसले की माईंना त्यांना खुर्चीत बसवावे लागले.

"जन्मभर लेथवर अक्षता टाकल्या," ते डोळे टिपत म्हणाले. "तो चालू होताच भिरकावून द्यायचा, शॉपभर! मला काय माहीत, याला एक तांदूळ पचत नाही! आणि वर माझाच नियम, उघडून बघायचं नाही!"

"आणि मी बिचाऱ्या टेकचंदला छळलं," मी म्हणालो.

"अरे, हा बोलायला लागला की!" माई म्हणाल्या आणि सगळे पुन्हा हसले.

यंत्र सुरू झाले. लहान पंखा इतका भरभर फिरू लागला की त्याची पाती दिसेनाशी झाली. मी आज्ञा दिली. ओळी धावू लागल्या. सकाळी जिथे थांबल्या होत्या ते ठिकाण आले आणि मागे पडले. माईंनी चकल्यांचे ताट आणले. कोणी हात लावला नाही, आणि मग एकदम सगळ्यांनीच लावला. उन्हे टेबलावरून भिंतीवर चढली तेव्हा ओळी थांबल्या. खाली सिग्नल नव्हता. नुसता एक लुकलुकणारा कर्सर, पुढे काय, असे विचारत होता.

आम्ही जुनी यंत्रे एकेक करून चालू केली. पहिल्याचा पडदा उजळला, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. पाचवा जरा कुरकुरला, अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप दिली, आणि तोही उजळला. अण्णा त्याच्यासमोर बसले, एका बोटाने स्वतःचे नाव टंकित केले आणि हळूच म्हणाले, "तरणा बसला नाही."

सोमवारी मुले आली. प्रत्येकाने आपापले यंत्र पकडले आणि खुर्च्यांवरून भांडणेही झाली. वृंदाने टाळी वाजवली.

"पहिला धडा दिनादादा घेणार."

ते आधी ठरलेले नव्हते. सगळे चेहरे माझ्याकडे वळले. मी दाराकडे पाहिले. तिथे अण्णा उभे होते आणि त्यांनी आपले हात पाठीमागे बांधले.

"सगळ्यांनी," मी म्हणालो, "आधी हात पाठीमागे बांधा आणि इकडे या. मी झाकण काढतोय. आत एक लहानसा पंखा आहे, तो फिरतो आहे की नाही ते मला सांगा."

मुले धक्काबुक्की करत, हात मागे बांधून, टेबलाभोवती वाकली.

"फिरतोय!" सगळी एकदम ओरडली.