चौदा नंबरचं सातवं माणूस

नंबर हा शब्द इंग्रजीतून आला आणि आमच्याकडे घरचा झाला. शेताला सर्व्हे नंबर, जिनिंगपुढे थांबलेल्या बैलगाडीला नंबर, चष्म्याला नंबर, शाळेत पोराचा पहिला नंबर. हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन मी १९४१च्या उन्हाळ्यात पटकीची लस टोचण्याच्या कामावर लागलो, तेव्हा त्यात भर घातली. गोरेगावजवळच्या तांड्यातल्या तेवीस झोपड्यांच्या दारांवर डांबरानं आकडे काढले. सुई टोचली की वहीत आकड्यापुढे खूण. चौदा नंबरमध्ये माणसं सात, खुणा सहा. नावं लिहिली नाहीत. नंबर पुरेसा वाटला.

दोन दिवसांनी सातवी सुई घेऊन गेलो, तर तांडा जागेवर नव्हता. रोगाच्या भीतीनं ओढ्यापलीकडे नव्या झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. दारं जुनीच, पण गाडीवरून उतरली तशी हाताला लागेल त्या झोपडीला बसवलेली. चौदा नंबरमधून तांड्यातली म्हातारी रूपाबाई बाहेर आली.

"हे दार लखमाचं, साहेब. त्याचा गोरेगावातला भाऊ काल पटकीनं गेला."

तिनं दाखवलेल्या लखमाच्या झोपडीकडे तसाच धावलो; तीही मागोमाग आली. लखमा दारातच आडवा उभा राहिला.

"समद्यांनी सुई घेतली. तुमचा आकडाच चुकला असंल."

मी वही उलटसुलट चाळत राहिलो. तिथं नुसत्या खुणा.

"वहीत काय पाहून राहिलात?" रूपाबाई म्हणाली. "सुई घेतलेल्याचा हात वर होत न्हाई. माझाच पाहा ना." ती आत घुसली. "चला, हात वर करा समदे!"

सगळ्यांचे हात खांद्याशीच अडकले. लखमाची सून मिराबाई हिचा मात्र सरळ आढ्याला टेकला.

"काहून लपवलंस, लखमा?" रूपाबाई कडाडली.

लखमा खाली पाहत म्हणाला, "तिला पाचवा महिना हाय."

मिराबाईनं थेट मला विचारलं, "सुईनं लेकराला काय झालं तर?"

मी वाचलेलं सगळं आठवून पाहिलं. गरोदर बाईबद्दल त्यात एक ओळ नव्हती. बाहेर ऊन चढत होतं, लस तापत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पटकी झाली तर तू वाचणं कठीण, एवढं माहीत आहे."

"ह्यो खोटं बोलत न्हाई," ती सासऱ्याला म्हणाली. मग कोपरावरच्या बांगड्या वर सारून तिनं हात पुढे केला. सुई टोचून मी वहीत चौदापुढे खुणेऐवजी तिचं नाव लिहिलं.