जमेल, जमणार नाही

कमरेला खोचलेला पांढरा टॉवेल... पोरगं त्याला हात पुसतंय. पुन्हा पुसतंय. अहिल्यानं क्लिप थांबवली, मागे नेली. पाऊस नाही, चिखल नाही, लख्ख ऊन पडलंय. मग एवढं पुसतोस काय रे बाबा?

अकराला मीटिंग होती आणि दहा केव्हाच वाजून गेले होते. परवाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, क्लबनं या केलेबला घ्यायचं की नाही, यावर क्लबसाठी खेळाडू पारखणाऱ्या अहिल्याला एकच ओळ सांगायची होती — जमेल, किंवा जमणार नाही. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे डाव पुकारून चेंडू फेकणारा म्हणून, त्यानं तीन वर्षं मैदान गाजवलं होतं, फेक अशी की पन्नास यार्डांवरच्या माणसानं नुसते हात पुढे करावेत. पण तिथं डाव कळवायला बाकावरून चित्रांचे फलक दाखवतात, यानं मान वळवून बघायचं की झालं. इथं, व्यावसायिक खेळात, पंधरा-सोळा शब्दांचा अख्खा डाव हेल्मेटमध्ये एकदाच ऐकायचा आणि दहा धिप्पाड माणसांच्या घोळक्यात उभं राहून धडाधड म्हणून दाखवायचा. इंटरव्ह्यूत तिनं असाच एक डाव सांगितला, तर त्यानं बिनचूक म्हटला... बिनचूकच, पण डोळे वर, छताकडे, श्वास कोंडून. घोकलेलं ओळखायला घोकणाराच लागतो.

"वॉज दॅट राइट, मॅम?" त्यानं विचारलं होतं. आणि ती हसून म्हणाली होती, "परफेक्ट." खोटारडी कुठली!

पुण्यात बीएस्सीला पहिली आलेली अहिल्या अमेरिकेत पिस्कॅटवेला शिकायला आली तेव्हा वर्गात तोंड उघडण्याआधी वाक्य मनात तीनतीनदा म्हणून बघायची, आणि तोवर विषय कुठल्या कुठे गेलेला असायचा... त्या पहिल्या सेमिस्टरला माझ्यावर कुणी अशी एक ओळ लिहायला बसलं असतं तर? लिहिलंच असतं — जमणार नाही. आणि मला जमलं की. जमलं ना? मग आज सकाळपासून एकच वाक्य मी कितव्यांदा म्हणून बघतेय?

गेल्या वर्षी तिनंच 'जमेल' म्हटलेला पोरगा दिवाळीच्या आत बाकावर जाऊन बसला होता. कुणी एका शब्दानं बोललं नाही, पण जिन्यात भेटणारी माणसं तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलायला लागली. दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकूनच प्यायचं, बाई. हो म्हटलं आणि तो आपटला तर माझं नाव. नाही म्हटलं तर जाब विचारायला येणार कोण? हे डोक्यात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली... आणि तरी ते डोक्यातून गेलं नाही.

अकरा वाजले. स्काउटिंगचा, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या विभागाचा, प्रमुख राज इथंच जन्मलेला, घरी मराठी ऐकून वाढलेला, पण बोलायचा इंग्रजीच. 'ताई' एवढं मात्र त्यानं आईकडून उचललं होतं.

"सो, अहिल्याताई? केलेब. येस ऑर नो?"

"नो," ती म्हणाली. "ही वोन्ट अॅडजस्ट."

"ओके." राजनं फळ्यावरची केलेबच्या नावाची पट्टी काढून टेबलावर टाकली. "नेक्स्ट."

का, असं कुणीच विचारलं नाही. आठवडाभर जमवलेली सोळा पानं तिच्या पुढ्यात तशीच राहिली.

हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, अगदी आतून हायसं वाटलं — सुटले एकदाची! कुणीतरी दुसरा क्लब घेईलच त्याला, एवढी फेक कोण सोडतंय. मग सप्टेंबर येईल, रविवार येतील, नवरा, प्रसाद, चहा घेऊन शेजारी बसेल, "तुझा तो केलेब ना हा?" म्हणेल, आणि मी... मी टीव्हीकडे बघत बसेन, बावीस वर्षांचं ते पोरगं घोळक्यात उभं राहून अडखळावं म्हणून. प्रत्येक रविवारी. त्याचं बिनसावं म्हणून, कारण त्याचं जमलं तर माझं चुकलं. असं त्याचं वाईट चिंतायचं तिनं कुठं लिहून दिलं होतं? पण दिलं होतं खरं, आत्ताच, एका शब्दात. समोर राज पुढच्या पोराबद्दल बोलत होता, सगळे माना डोलवत होते.

चांगलं होऊ दे रे त्याचं, तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. अर्ध्यावरच अडली... पुन्हा म्हणायला गेली, पण म्हणवेना.