वॉर्डच्या दारापर्यंत

मित्रांनो, तात्यांना मुलगी झाली, त्याच वर्षी मी या सरकारी रुग्णालयात आले. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. आज माझे रेक्झिन फाटले आहे, एक चाक कुरकुरते. पण तेव्हा मी नवी कोरी होते. तात्या इथले वॉर्डबॉय. लेकीचे तोंड बघून ते तसेच कामावर आले आणि माझ्या अंगावरचा कारखान्याचा कागद त्यांनीच सोडवला. "घरी एक आली, इथे दुसरी," असे म्हणून ते हसले.

त्यांनी मला जीव लावला. चाकांत तेल घालायचे, ओल्या फडक्याने पुसायचे. उंबऱ्यावरून नेताना मला मागे कलवून म्हणायचे, "मावशी, घट्ट धरा, विमान उडतंय!" कळवळणारी बाईसुद्धा हसायची.

घरी सोडलेल्या रुग्णांचे नातेवाईक मात्र मला बसथांब्यापर्यंत नेत आणि तिथेच टाकून जात. एकदा तर एका भाजीवाल्याने माझ्यावर कोबी मांडला होता.

वर्षे गेली. तात्या निवृत्त झाले, त्यांचे हृदय अशक्त झाले. लेक विद्यापीठात शिकली, परीक्षा देऊन याच रुग्णालयात प्रशासकीय अधिकारी म्हणून लागली. तिची खोली वरच्या मजल्यावर, रॅम्पच्या शेवटी. तात्या तपासणीला आले की म्हणायचे, "साहेब, एकदा तुम्हाला टेबलामागे बसलेलं बघायचंय." ती लाजायची. "बाबा, साहेब काय म्हणता! जरा घडी बसू द्या. अजून तिथं नुसता पसारा आहे."

एके दिवशी पाय मोडलेल्या बाईला तिच्या मुलाने पाठीवरून आत आणले. आम्ही सगळ्या खुर्च्या बाहेर कुठेतरी पडलेल्या. लेकीने ते पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी पाटी लावली : 'डिस्चार्ज झाल्यावर खुर्ची वॉर्डच्या दारापर्यंतच.' आम्ही जागेवर सापडू लागलो. डॉक्टरांनी तिचे कौतुक केले. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

पुढे तात्यांच्या छातीत दुखू लागले आणि ते इथेच दाखल झाले. बरे वाटल्यावर डिस्चार्जच्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, आज माझी खोली बघायची. मीटिंग संपली की न्यायला येते."

तात्यांनी भांग पाडला, धुतलेला सदरा घातला. पण त्यांना दम निघेना. "ती न्यायला आली, तर टेबलामागून उठून आलेली असेल ना? मला बसलेली बघायचीय," ते म्हणाले. नव्या वॉर्डबॉयने त्यांना माझ्यावर बसवून दारापर्यंत आणले. तिथे ते उतरले.

"बसा हो तात्या, वर सोडतो."

"पाटी वाचलीस का?"

"तुमच्याच पोरीची पाटी! तुम्हाला कोण अडवणार?"

"म्हणूनच उतरलो. साहेबांच्या बापानंच नियम मोडला, तर तिला इथं कोण मोजेल?"

कठडा धरून ते रॅम्प चढू लागले. मी दारात उभी राहून बघत होते. वळणावर ते थांबले, भिंतीला हात लावला आणि हळूच खाली बसले. वॉर्डबॉय ओरडत मला घेऊन धावला. वरून लेकही धावत आली.

"बाबा, खुर्चीत बसा! मी सांगतेय ना!"

"कोण सांगतंय? साहेब की लेक?" त्यांना धाप लागली होती, तरी ते हसत होते.

"लेक, बाबा. लेक."

तिने त्यांना उचलून माझ्यावर बसवले आणि मला स्वतः ढकलत खाली पळाली. त्या वळणावरून तिच्या खोलीचे दार दिसत नाही.

पाटी तिने स्वतःच्या हाताने काढली. आता खुर्च्या पुन्हा बसथांब्यावर जातात. ती कुणाला बोलत नाही. संध्याकाळी घरी जाण्याआधी एकेक ढकलत परत आणते.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. काम झाले की आम्हाला जागेवर आणून सोडा. तुमच्यामागून कुणीतरी येणार असते. आम्ही जागेवर राहिलो असतो, तर त्या पोरीला पाटी लावावीच लागली नसती.

तात्या त्या डिस्चार्जच्याच दिवशी, लेकीच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी, दुपारी चारच्या सुमारास वारले.