फुटाला एक इंच

मी गवंडी. तीस वर्षं उतार काढतोय. मोरीचे, गच्चीचे, अंगणाचे. पाणी ओतायचं, कुठे न अडता धावलं की उतार पास. माझ्याच नववीतल्या पोरीने मला उतार शिकवावा, हे काही पचनी पडेना.

तिची चाकांची खुर्ची आली, तेव्हा तिची एकच अट होती. शाळेत एकटी जाणार, कुणी ढकलायचं नाही. दारापासून खाली अंगणापर्यंत अठरा इंच उतरायचं होतं. तिने वहीत y = mx + c लिहिलं आणि मला समोर बसवलं. x म्हणजे दारापासून किती फूट पुढे आलो, y म्हणजे तिथे जमिनीपासून किती इंच वर आहोत. दारात x शून्य, म्हणून उरतो नुसता c, म्हणजे अठरा. तो काही बदलायचा नाही.

"आपल्या हातात फक्त m, म्हणजे उतार आहे, बाबा. दर फुटाला एकच इंच खाली. म्हणजे अठरा फूट लागतील."

अंगण नऊ फुटांचं. मधे वळण घ्या, असंही ती म्हणाली. बापाला शिकवतेस का, म्हणून मी हसण्यावारी नेलं आणि नऊ फुटांत सरळ उतार बांधला. पाणी ओतलं, सुसाट धावलं. मी मिशीला पीळ दिला.

पोरगीही तशीच धावली. चाकं हातांना आवरेनात. फाटकावर आदळली, मनगट मोडलं.

दवाखान्यात मी तिची वही उघडली. दोन रेषा होत्या, दोन्ही अठरापासून निघालेल्या. एक सावकाश उतरत अठरा फुटांवर जमिनीला टेकत होती. दुसरी दर फुटाला दोन इंच घसरत नवव्यालाच. तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाबांनी ऐकलं नाही तर.' कुठे तोंड लपवावं कळेना.

उतार मी माझ्या हाताने फोडला. मधे वळण घेऊन अठरा फुटांचा नवा बांधला, इंच न् इंच मोजून. मनगट बरं झाल्यावर तिला दारात आणलं आणि बाजूला झालो.

ती बराच वेळ खाली बघत राहिली. हिशेब चोख आहे, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तरी तिने चाकांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"बाबा, तुम्ही मागून धराल ना?"

मी धरली. तेव्हापासून रोज धरतो.