लव्हडेबाईंचे पत्र आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची खोगीरपिशवी आहे. माझ्या आतल्या कप्प्यात एक पत्र आठ वर्षे पडून होते. तेवढी वर्षे त्याला उत्तर गेले नाही, म्हणून आधी त्याचेच सांगायला हवे. पण मला ओळखल्याशिवाय ते कळणार नाही.

बॉडमिनच्या एका चांभाराने मला शिवले. एझ्रा पेन्गेली या मेथडिस्ट ख्रिस्ती पंथाच्या उपदेशकाने मला घोडीवर टाकले आणि आम्ही इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात सगळीकडे हिंडलो. माझ्यात एक सदरा आणि पावाचा तुकडा. बाकी सगळी पुस्तके. मालक लगाम सैल सोडून वाचत जात. घोडी भलत्याच गावी नेई, तर तिथेच उपदेश करत. एका बाजारात कुणीतरी ओरडला, “ए बाबा, पुस्तकातलं पुरे, मनातलं बोल!” आणि सलगम फेकला. तो मला लागला. डाग अजून आहे.

रेडरूथजवळच्या कथलाच्या खाणीवर लव्हडे नान्स ही विधवा दगड फोडायची. जेवणाच्या सुट्टीत ती इतर बायकांना उपदेश करी. तिथल्या ख्रिस्ती मंडळीतले पुरुष रागावले. तिने मालकांना लिहिले, ‘बाईने चारचौघांत उपदेश करावा का? तुमचे उत्तर येईपर्यंत मी गप्प राहीन.’

मालकांनी सगळी पुस्तके चाळली. एकात होकार दिसे, दुसऱ्यात नकार. तीन उत्तरे लिहून फाडली. “मी कोण ठरवणार?” म्हणत त्यांनी पत्र माझ्यात ठेवले. उपदेशकांना एका भागात फार दिवस ठेवत नसत. मालकांनाही दुसरीकडे धाडले गेले.

पुढे ते जिल्ह्यातल्या सगळ्या उपदेशकांचे प्रमुख झाले, घोडी गेली, मी खुंटीवर. पाहुणे कौतुकाने म्हणत, “हीच ती पिशवी!” तेल मात्र कुणी लावले नाही. मला बुरशी आली.

एके दिवशी रेडरूथकडची ऑनर नावाची मासळीवाली दारात आली.

“एझ्राभाऊ, आमच्या लव्हडेला कसली शपथ घातलीत हो? आठ वर्षं तोंडाला कुलूप! खाणीवरच्या तिच्या बैठकीला चार म्हाताऱ्या उरल्यात, त्यातली एक बहिरी.”

“मी? मी तर काहीच बोललो नाही.”

“तेच तर!” ऑनर म्हणाली.

मालक उठले. त्यांनी मला उतरवले, पत्र काढले आणि लिहायला बसले. या वेळी एकही पुस्तक उघडले नाही. ‘लव्हडेबाई, बोला. तुम्हाला देवाने गप्प केले नव्हते, माझ्या भित्रेपणाने केले.’

“द्या, मी नेते,” ऑनर म्हणाली.

“नको. ती टपालाची वाट बघतेय. टपालानंच जाऊ दे.”

मित्रांनो, चामड्याला तेल लावत जा, आणि कप्पे अधूनमधून रिकामे करत जा. आत ठेवलेली गोष्ट जपली गेली असे वाटते. ती नुसती अडकून पडलेली असते.

मालक टोपी न घालताच बाहेर पडले. टपालवाला घोड्यावर बसतच होता. त्यांनी पत्र त्याच्या हातात दिले आणि घोडा रेडरूथच्या रस्त्याला लागेपर्यंत तिथेच उभे राहिले.