ओरखडा नसलेले चष्मे

कारखान्यात तिला सगळे किल्लीवाली म्हणत, आणि बापाने ठेवलेल्या नावापेक्षा तिला हेच नाव जास्त आवडे. नळांना चकचकीत मुलामा देणारा तो कारखाना. ॲसिडच्या सात टाक्या, त्यांच्यावर वाकलेल्या चाळीस बाया आणि कोपऱ्यात एक लोखंडी कपाट. कपाटात डोळ्यांवर लावायचे चाळीस चष्मे. सरकारी निरीक्षक यायचा त्या दिवशी ती ते वाटायची, साहेबांची पाठ वळली की गोळा करायची आणि दर शनिवारी मऊ फडक्याने पुसून परत रांगेत लावायची. एरवी वाटायचे नाहीत, असा मुकादमाचा हुकूम. चष्म्यावर वाफ धरते, हात मंदावतो, माल कमी निघतो. अकरा वर्षांत एक चष्मा हरवला नाही की फुटला नाही, हे ती नव्या पोरींना कौतुकाने ऐकवायची.

तिची लेक तीन नंबरच्या टाकीवर होती. एका मंगळवारी हातातला नळ सटकून टाकीत पडला, ॲसिड उडालं आणि लेकीचा डावा डोळा गेला. एकोणीस वर्षांची पोर!

मालकाने लिहून दिलं, चष्मा दिला होता, मुलीनेच घातला नाही. हे खरं धरलं गेलं तर लेकीला भरपाईची फुटकी कवडी मिळणार नव्हती. निरीक्षक चौकशीला आला तेव्हा मुकादम शेजारी उभा राहून डोळे वटारत होता. पण आईचं काळीज ते. तिने सरळ कपाट उघडलं.

“साहेब, हे बघा. अकरा वर्षांचे चष्मे आहेत. एकावर तरी ओरखडा दिसतोय? ॲसिडचा ठिपका? रोज घातले असते तर असे राहिले असते का? तुम्ही येता तेवढ्याच दिवशी निघतात हे बाहेर.”

साहेबाने एक चष्मा उजेडाकडे धरला, फिरवून फिरवून पाहिला. तिला वाटलं, जिंकलो आपण. सरकार मायबाप म्हणतात ते उगाच नाही.

“छान ठेवलेत,” तो म्हणाला. “कोण ठेवतं?”

“मीच, साहेब.”

“किल्ली कोणाकडे?”

“माझ्याकडे. पण वाटायचे नाहीत असं मुकादमांनीच सांगितलंय.”

“लेखी आहे?”

लेखी! जिथे पगाराची पावती लेखी मिळत नाही, तिथे जुलूम कोणी लेखी करतं का? साहेबाने वहीत काहीतरी टिपलं.

महिन्याने निकाल आला. लेकीनेच तो एका डोळ्याने वाचून दाखवला. साधनं पुरेशी होती, उत्तम स्थितीत होती, किल्ली बाळगणाऱ्या बाईने ती वाटली नाहीत. कारखान्याचा दोष नाही, भरपाईचा अर्ज नामंजूर. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि इथे तर संन्यासीण आपला दोर आपणच घेऊन गेली होती.

वाचून होतंय तोच मुकादम दारात हजर. “तुम्हाला कामावरून कमी केलंय. पण मालक दयाळू आहेत. पोरीला ठेवा म्हणाले. एका डोळ्याने टाकीवर नाही जमायचं, तिला हलकं काम देऊ.”

त्याने हात पुढे केला. तिने कमरेची किल्ली सोडून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती तशीच लेकीपुढे धरली.

“सोमवारी साहेब येणार आहेत. पुसून ठेव सगळे.”

घरात दुसरा पगार नव्हता. लेकीने किल्ली घेतली, मुकादम जाईपर्यंत मुठीत धरून ठेवली. मग आईकडे न बघता विचारलं,

“आई, ते मऊ फडकं कुठे ठेवतेस तू?”