ऊर्मिलाताईची फेरी

गुरुवारच्या सरावात ऊर्मिलाताई आमच्यातून वाट काढून पुढं गेली, स्टेजजवळच्या वळणाला लागली, आणि तिच्यापुरता ट्रॅक लांबला.

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. ती वळली नाही, कारण तिचं वळण अजून आलं नव्हतं. फरशीवर चिकटवलेली पिवळी पट्टी स्टेजखालून तशीच सरळ पुढं गेली होती, हॉलच्या भिंतीपलीकडंही गेली होती. भिंत जागेवर होती आणि पट्टी तिच्या पलीकडं दिसत होती. ताई गुडघ्यात वाकून, हात मागंपुढं झोकत त्या पट्टीच्या कडेनं चालली होती. ती लहान होत गेली. हेल्मेटवरचा तारा थोडा वेळ दिसला. मग चाकांचा आवाज तेवढा राहिला.

आमचा संघ म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. सांगलीत माधवनगरच्या रस्त्याला एक मंगल कार्यालय आहे. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा तिथले बेडगेअण्णा आम्हाला हॉल देतात. नवऱ्यामुलाच्या लाल खुर्च्या कोपऱ्यात सरकवायच्या, लंबगोल पट्टी लावायची, स्केट्स बांधायचे. खेळात चेंडू नाही. चौघी खांद्याला खांदा लावून भिंत धरतात. जिच्या हेल्मेटवर तारा असतो ती जॅमर. ती भिंत फोडून पुढं जाते, फेरी मारून येते, परत फोडते. भिंतीनं तिला अडवून धरलं की शिट्टी होते आणि डाव संपतो.

त्या दिवशी भिंतीत थोरात बहिणी होत्या, त्यांच्या शेजारी दवाखान्यात नर्स असलेली हसीना, आणि पट्टीच्या कडेला मी. ऊर्मिलाताई माझी मोठी जाऊ. घरी सगळ्यांसमोर मी तिला ‘अहो ताई’ म्हणते, स्केट्सवर ‘ए ताई’. तिनंच मला या खेळात आणलं. ती नेहमी माझ्या बाजूनं निघून जायची. मी आणि पट्टी यांच्यामध्ये. मी तिला एकदाही अडवलेलं नव्हतं.

कानिटकर मॅडम आम्हाला शिकवतात. शिट्टी त्यांच्या दातांत होती. ताई दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी ती तोंडातून काढायला हात उचलला आणि तसाच थांबवला. शिट्टी वाजली तर डाव संपणार होता. डाव संपला की ट्रॅक पहिल्यासारखा होणार होता, आणि ताई त्याच्या बाहेर राहिली असती. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. पण आम्हाला माहीत होतं, मॅडमनाही माहीत होतं. काढताना चुकून श्वास गेला तर, म्हणून त्यांनी शिट्टी दातांतच ठेवली आणि नाकानं श्वास घ्यायला लागल्या.

सुगंधा, आमची दुसरी जॅमर, म्हणाली, “मी जाऊन बघते.”

ती वेगानं निघाली, वळणावर वळली आणि नेहमीइतक्याच वेळात दुसऱ्या बाजूनं आमच्या समोर आली.

“काय दिसलं?” हसीनानं विचारलं.

“स्टेज,” सुगंधा म्हणाली. “नेहमीचंच स्टेज.”

तेव्हा आम्हाला कळलं की भिंत सोडता येणार नाही. ताई कधी ना कधी येणार होती. फोडून गेली तर पुन्हा तेवढीच लांब फेरी. अडवली तरच ती इथं थांबणार होती.

दुसऱ्या दिवशी आई रिक्षानं आल्या. म्हणजे आमच्या सासूबाई. हातात डबा होता.

“कुठाय ती?”

“फेरीवर आहे, आई.”

“एवढी मोठी फेरी असते?”

“नसते. झाली.”

आईंनी पट्टीच्या रेषेत पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग स्टेजपाशी जाऊन, विहिरीत हाक मारावी तशी खाली वाकून त्यांनी हाक मारली, “ऊर्मिला, जेवलीस का गं?”

उत्तर आलं नाही. आईंनी डबा उघडला आणि आम्हा चौघींना हातानं भरवलं, कारण आमचे हात एकमेकींच्या पाठीमागं धरलेले होते. वांग्याची भाजी होती. मॅडमना काही देता आलं नाही. त्यांना सुगंधानं ओठांच्या कडेनं स्ट्रॉ घालून ताक दिलं.

उत्तर त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. स्टेजखालून, पण अगदी स्वच्छ.

“भूक नाही, आई. इथली फरशी छान आहे.”

 मग आईंनी घरचं विचारायला सुरुवात केली. थोरल्या दादांचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, निळा शर्ट कुठं आहे. पाण्याची मोटर कशी बंद करायची. दूधवाल्याला काय सांगायचं. एकेक प्रश्न स्टेजखाली जायचा आणि बऱ्याच वेळानं, कधी दुसऱ्या दिवशी, उत्तर यायचं. शर्ट इस्त्रीवाल्याकडं आहे. मोटरचं बटण वर करायचं. पुढं पुढं उत्तरं आखूड होत गेली. दूधवाल्याबद्दल ती एवढंच म्हणाली, “तुम्हीच बघा.” त्यानंतर चाकांचाच आवाज आला. एकसारखा, न घाबरलेला आवाज.

“दमली असेल,” आई म्हणाल्या.

“दमल्यासारखा आवाज नाही,” हसीना म्हणाली.

आई तिच्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळल्या. “मृदुला, ती आली की तू धरायचीस तिला. घट्ट धरायचीस.”

“हो आई.”

“तुझ्याच बाजूनं जाते म्हणे ती.”

हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी मान हलवली.

आम्ही उभ्याउभ्याच झोपत होतो. चौघींच्या जर्सीच्या बाह्या आधी एकमेकींना चिकटल्या. मग बाह्यांच्या आतलंही चिकटलं. माझा आणि हसीनाचा खांदा एकच झाला. तिच्या पायाला मुंग्या आल्या की मला कळायचं. थोरल्या थोरातबाईला शिंक आली की चौघीही हलायचो. दुखत नव्हतं. उलट भिंत कधी नव्हे इतकी चांगली झाली होती. तिच्यात कुठंच फट नव्हती. फट फक्त माझ्या मोकळ्या बाजूला होती, मी आणि पिवळी पट्टी यांच्यामध्ये, एक बाई तिरकी होऊन जाईल एवढी. मी कितीही सरकले तरी ती तेवढीच राहायची.

तुळशीची लग्नं झाली आणि बेडगेअण्णा आत आले. चपला दाराशी काढून, पट्टीच्या बाहेर उभे राहिले.

“मॅडम, चार दिवसांवर पहिला मुहूर्त आहे.”

कानिटकर मॅडमनी शिट्टीकडं बोट दाखवलं.

“ते कळतंय मला,” अण्णा म्हणाले. “पण मुहूर्त कसा हलवणार? तुम्ही तुमचं चालू ठेवा. आम्ही कडेकडेनं करून घेतो.”

त्यांची माणसं खुर्च्या मांडायला लागली. पहिल्या दिवशी खुर्च्या पट्टीपासून लांब होत्या. पाहुणे वाढले तशा आणखी ओळी लागल्या. मग पट्टीच्या आतही, लंबगोलाच्या मधल्या जागेत, खुर्च्या लागल्या. मॅडमना त्यांच्यातच एका खुर्चीवर बसवलं. स्टेजवर फुलांची कमान उभी राहिली. ट्रॅक तेवढा मोकळा होता, नदीसारखा, आणि दोन्ही काठांवर माणसं बसली होती. बायका आम्हाला वळसा घालून जाताना पदर सावरायच्या. एका आजोबांनी आम्हाला विचारलं, “तुम्ही मुलीकडच्या का?”

“हो,” धाकटी थोरात म्हणाली. तेच सोपं होतं.

मॅडमना सर्दी झाली होती. नाक चोंदलं होतं आणि शिट्टी अजून दातांत होती. त्या अगदी बारीक श्वास घेत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना वाटलं, मुलगी सासरी जाणार म्हणून त्या रडतायत. त्यांनी मॅडमचा हात हातात घेतला.

लग्नाच्या दिवशी अक्षता वाटत दोन मुली फिरायला लागल्या. कुंकवानं लाल झालेले तांदूळ. माझ्या लक्षात आलं तेव्हा अर्ध्या हॉलच्या मुठी भरल्या होत्या.

“आई,” मी म्हणाले, “तांदूळ.”

“काय झालं तांदळाला?”

“चाकाखाली एक दाणा आला तरी चाक अडतं. त्या वेगात ती पडली तर उठणार नाही.”

आई उठल्या. त्यांचे गुडघे दुखतात, तरी त्या ट्रॅकच्या कडेनं प्रत्येक ओळीपाशी गेल्या. “वर टाका, आत टाका, इकडं टाकू नका. माझी सून यायची आहे.” लोक चांगले होते. सगळे हो म्हणाले.

“मावशी, पण आमचा नेम कुठं चांगला आहे?” एक जण हसून म्हणाली. “अक्षता उडतात तिकडं उडतात.”

आईंनी भटारखान्यातून खराटा आणला आणि आमच्यासमोर पट्टीवर उभ्या राहिल्या.

अंतरपाट धरला गेला. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं, आणि त्याच्याखालून मला चाकं ऐकू आली. स्टेजकडून नाही. जेवणाच्या हॉलकडून, म्हणजे आमच्या समोरून. फेरी पूर्ण होत आली होती.

“आली,” हसीना म्हणाली. आमच्या खांद्यातून तिच्या काळजाचे ठोके मला जाणवत होते. की माझे तिला.

‘सावधान’ झालं. तांदूळ उडाले. बरेचसे खुर्च्यांवर पडले, मूठभर ट्रॅकवर. आईंनी झाडले. दुसरं सुरू झालं. आवाज वाढला. आता फरशी थरथरत होती, पाण्याच्या जारवरचे ग्लास किणकिणत होते. इतक्या वेगाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. एवढ्या लांब सरळ ट्रॅकवर कुणी कधी खेळलंच नव्हतं.

“सावधान!” पुन्हा तांदूळ. आईंनी झाडले. त्यांना धाप लागली होती.

“आई, बाजूला व्हा.”

“राहू दे. एवढं झाडते.”

“बाजूला व्हा!”

मी त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. त्या खराटा घेऊन बाजूला झाल्या, आणि त्यांच्या मागं मला तारा दिसला.

जेवणाच्या हॉलच्या दारातून पिवळी पट्टी आत येत होती आणि तिच्यावरून ती येत होती. लांबून आधी लहान, मग एकदम मोठी. केस हेल्मेटखालून सुटून कमरेपर्यंत आले होते. पायांत तेच स्केट्स होते, चाकं झिजून नाण्यांएवढी झाली होती. चेहरा उन्हानं रापला होता, म्हणजे तिकडं ऊन असावं. ती दमलेली नव्हती.

“ताई!” मी म्हणाले. “ए ताई!”

चौघींनी गुडघे वाकवले. भिंत खाली बसली, घट्ट. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. त्यांच्या छातीत खोकला दाटला होता, गाल फुगत होते, आणि शेजारच्या बाई त्यांचा हात सोडत नव्हत्या. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं. सगळ्या हॉलनं हात वर केले, मुठी उघडल्या.

“धर तिला, मृदुला,” आई म्हणाल्या.

तांदूळ वर गेले आणि खाली यायला लागले. ऊर्मिलाताईनं एक खांदा पाडला, जशी ती नेहमी पाडते, आणि मी माझा पुढं केला. ती इतकी जवळ आली होती की तिच्या पापण्यांवरची धूळ मला दिसत होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. मी आणि पट्टी यांच्यामधल्या जागेकडं बघत होती, आणि हसत होती.